सारख्या व्होल्टेजचा भरवसा

२०२३च्या उन्हाळ्यात मी चाकणच्या एका छोट्या कारखान्यात आवक मालाची तपासणी बघत होते. तीनचाकी टेम्पोंसाठी आम्ही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचे बॅटरी पॅक बांधायचो. ऑर्डर खोळंबली होती. सेल आले, मी मल्टिमीटर लावला, सगळे ३.२८-३.२९ व्होल्ट. त्याच दिवशी लॉट पास करून सही केली.

दीड महिन्याने एक टेम्पोवाले दादा आले. “मॅडम, गाडी आधी ऐंशी किलोमीटर जायची, आता चाळीसलाच बंद पडते. हप्ता तर थांबत नाही ना!” पॅक उघडला. सोळांपैकी एक सेल नुसता ठेवला तरी उतरत होता. तो तळाला गेला की बाकी पंधरांत चार्ज असूनही बीएमएस, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारं सर्किट, पुरवठा तोडायचं.

सेल न फोडता सीटी स्कॅन करून घेतला. ॲनोडची कड एका बाजूला कॅथोडच्या आत सरकली होती. ॲनोड कॅथोडच्या कडेबाहेर थोडा असावाच लागतो. नाहीतर चार्जिंगच्या वेळी कडेला धातुरूप लिथियम साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. आमचं रेंजवर निभावलं. आगही लागू शकली असती. २०२१मध्ये अमेरिकेतल्या शेव्हरले बोल्ट गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यामागेही सेलमधले असेच दोष होते: फाटलेला ॲनोड टॅब आणि दुमडलेला सेपरेटर.

एलएफपी सेलचं व्होल्टेज चार्जच्या मधल्या मोठ्या टप्प्यात फारसं हलतच नाही, त्यामुळे एकाच मोजणीत उतरणारा सेलही इतरांसारखाच दिसतो. हे ठाऊक असूनही मी घाई केली. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना सांगते:

व्होल्टेज एकदा मोजून थांबू नका. सेल एकाच तापमानाला काही दिवस ठेवा आणि पुन्हा मोजा. मीटर मिलिव्होल्टचा दहावा भाग दाखवणारा हवा. इतरांपेक्षा जास्त उतरलेला सेल बाजूला काढा.

अंतर्गत रोध चार तारांच्या मीटरने मोजा. आकडा मर्यादेत असला तरी लॉटमध्ये वेगळा पडणारा सेल संशयितच समजा.

प्रत्येक लॉटमधले काही नमुने एक्स-रेखाली बघा. आत वायू साठल्याचा संशय असेल तर अल्ट्रासाउंड उपयोगी पडतं. वायूतून ध्वनिलहरी नीट पार होत नाहीत. पॅक बांधल्यावर लोड देऊन थर्मल कॅमेऱ्याने जोड तपासा. कच्चा वेल्ड आधी तापतो.

या सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे सेल थोडे दिवस ठेवून पुन्हा मोजणं, आणि घाईत पहिली कात्री तिलाच लागते. मालक म्हणोत, ग्राहक म्हणो, ते दिवस कमी करू नका. तुमच्या सहीवर विसंबून कुणीतरी हप्त्याने गाडी घेतलेली असते.