अनू, खरं आहे का गं?

मिरज, ता. १२ जून

चि. अनू,

बारशाला सुमनकाकू भेटल्या. चारचौघींत म्हणाल्या, "अनू पोडायट्री सोडतेय म्हणे, आता एमबीए करणार." खरं आहे का गं?

पायांच्या उपचाराचा हा अभ्यास झेपत नसेल तर तसं सांग. पण 'ग्लासगोला जाऊन लोकांची नखं कापते' असं कुणी हसलं म्हणून सोडत असशील, तर मी तुझ्यावर रागावले आहे. चारातली दोन वर्षं झाली. तुझ्या आईने पाटल्या मोडल्या त्या काय यासाठी?

दिवाळीत तूच मला डोळे मिटायला लावून तळव्याला तो नायलॉनचा धागा टेकवलास. १० ग्रॅम दाब पडला की वाकतो म्हणालीस. अंगठ्याखाली तू दोनदा टेकवलास; मला एकदाही कळलं नाही. तेव्हापासून हात घालून चाचपल्याशिवाय मी चप्पल घालत नाही. परवा आत वाटाण्याएवढा खडा निघाला.

तुझ्या आजोबांच्या, आबांच्या चपलेतून असाच खिळा वर आला होता. साखरेने पाय बधिर झालेले, ते त्यावरच वारी चालून आले. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांचं तू सांगितलंस ना, कुष्ठरोग्यांची बोटं आपोआप गळत नाहीत, दुखणं कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, आणि म्हणून त्यांनी मऊ रबराच्या चपला करवून घेतल्या? मला त्या रात्री झोप लागली नाही.

आबांची पट्टी बदलायचं काम माझ्याकडे होतं. मी एकोणीस वर्षांची. एकदा जखम उघडली, शिसारी आली आणि मागच्या दाराने कॉलेजला पळाले. पुढे तुझी आई करायची, अकरा वर्षांची पोर. पाय गुडघ्याखाली गेला. दर पाडव्याला मी त्या पायांवर डोकं टेकवलं होतं, तळवा कधी बघितला नव्हता.

म्हणून विचारते, लाजेपायी तर सोडत नाहीस ना? आपल्या मिरजेत पावलागणिक दवाखाने, पण पाय मांडीवर घेऊन घट्टा तासणारं माणूस शोधावं लागतं.

फार बोलले. परक्या गावात एकटी आहेस, दमली असशील. सोडायचंच ठरलं असेल तरी आधी मला फोन कर, काकूंकडून कळायला नको. थंडीने तुझ्याच टाचा फुटल्या असतील. कोकमतेल पाठवते आहे. रात्री कोमट करून लाव, वर मोजे घाल.

तुझी,
मोठी मावशी