झेनाकिसचे संगीत : गोंगाटाचा आस्वाद

यानिस झेनाकिस (मृत्यू २००१) या ग्रीक संगीतकाराची इलेक्ट्रॉनिक रचना प्रथमच ऐकणारा विचारतो : याला संगीत का म्हणायचे? यात सूर सापडत नाही, ताल सापडत नाही. समेची वाट पाहावी तर समच नाही. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र आपल्या कानाला कशाची सवय आहे, हेही तपासून पाहिले पाहिजे.

एरवी आपण एका सुरामागून येणारा दुसरा सूर धरीत जातो. पत्र्यावर गारा पडू लागल्या की मात्र आपण एकेक गार मोजीत बसत नाही. मारा सुरू झाला, वाढला, ओसरला, एवढेच जाणवते. गारांचा आणि उन्हाळी शेतातील कीटकांच्या किरकिरीचा दाखला झेनाकिसने स्वतःच आपल्या लेखनात दिला आहे. एकेक ध्वनी यदृच्छेने उमटतो. पण समूहाला नियम असतो व तो संभाव्यतेच्या गणिताने मांडता येतो, हे त्याच्या संगीतामागील सूत्र.

'कॉन्क्रे पीएच' (१९५८) ही जेमतेम पावणेतीन मिनिटांची रचना आरंभासाठी सोयीची आहे. जळत्या कोळशाची तडतड ध्वनिमुद्रित करून त्याने फितीचे बारीक तुकडे केले आणि ते जोडून थरावर थर चढविले. ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स मंडपातील शेकडो ध्वनिक्षेपकांतून ती ऐकविली गेली. ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली काम करीत असताना या मंडपाचा आराखडाही बव्हंशी त्यानेच केला होता.

त्याचा तिसरा दाखला जमावाचा आहे. हजारो कंठांतून एका तालात घोषणा उठते. गोळीबार होताच ती फुटते, किंकाळ्या विखुरतात आणि मग शांतता पसरते. अथेन्समधील प्रतिकारलढ्यात तो स्वतः होता. जानेवारी १९४५ मध्ये तोफगोळ्याने त्याचा चेहरा फाटला, डावा डोळा गेला; १९४७ मध्ये त्याला देश सोडून फ्रान्सला जावे लागले. व्यवस्था मोडताना कसा आवाज होतो, हे त्याने ऐकले होते. म्हणूनच त्याच्या गोंगाटाला निव्वळ लहर म्हणता येत नाही.

तेव्हा रसिकाने ही रचना तीनदा ऐकावी. पहिल्यांदा नुसती तडतड ऐकू येईल. दुसऱ्यांदा ध्वनींची दाटी कोठे वाढते, कोठे विरळ होते, तिकडे लक्ष द्यावे. तिसऱ्यांदा आवडीनिवडीचा निर्णय खुशाल द्यावा. तो देण्याचा अधिकार तोवर आपण कमावलेला असेल.