मारिओ उडी का मारत नाही?

दिवाळीच्या सुट्टीत संगमनेरला मामाच्या माळ्यावर जुना व्हिडिओ गेम सापडला. कॅसेट फुंकून लावली. मारिओ आला, पळाला, पण उडी काही मारेना. पहिल्याच खड्ड्यात गेला! ए बटण गेलेलं. मामा म्हणाला, "तू इलेक्ट्रॉनिक्सचा ना? मग कर की दुरुस्त." आली का पंचाईत! (मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.)

निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. लोणी, कोपरगाव आणि संगमनेरची इंजिनिअरिंग कॉलेजंही त्याच सालची, म्हणजे सगळे एका वयाचे. आपल्याकडे जास्त खेळल्या गेल्या त्या त्याच्या नकला, 'मीडिया', 'लिटल मास्टर' वगैरे. मामाचा त्यातलाच एक.

रिमोट उघडला तर आत स्प्रिंगबिंग काही नाही. रबराची टोपी, तिच्या पोटाला कार्बनची काळी गोळी, आणि खाली बोर्डावर एकमेकांत न टेकता शिरलेले दोन काळे पट्टे. बटण दाबलं की गोळी दोन्ही पट्टे जोडते. एरवी पुल-अप रेझिस्टरमुळे चिपच्या पायावर ५ व्होल्ट असतात, दाबल्यावर ते शून्याकडे यायला हवेत. मूळ फॅमिकॉममध्ये हे ४०२१ ही शिफ्ट रजिस्टर आयसी वाचते. ५ व्होल्टच्या सप्लायवर १.५ व्होल्टपर्यंत तिला नक्की 'शून्य' कळतं, त्यावर भरवसा नाही. आता पुल-अप १० किलोओहमचा धरा आणि व्होल्टेज डिव्हायडर मांडा. गोळीचा रेझिस्टन्स सुमारे ४.३ किलोओहमच्या वर गेला की संपलं! फर्स्ट इयरला आपण स्विच म्हणजे शून्य ओहम असं लिहून मार्क घेतले, ते इथे चालत नाही.

म्हणून आधी मोजा. पॉवर काढून मल्टिमीटरचे प्रोब दोन पट्ट्यांवर ठेवा आणि रबर बोटाने दाबा. बी बटणाला ३०० ओहम आले, ए ला ४० किलोओहमच्या वर, तेही नाचणारे. मग दोन्ही गोळ्यांची अदलाबदल करून बघितली. दोष गोळीबरोबर गेला, म्हणजे पट्टे ठीक.

पण ही अक्कल मला उशिरा आली. त्याआधी मी "साफ करू" म्हणून सिलेक्टच्या पट्ट्यावर पॉलिश पेपर मारला होता. तो कार्बनचा पातळ थर असतो हो, तांबं नव्हे! निघाला तो निघालाच. पट्टे फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसावेत. नेलपॉलिश रिमूव्हर नको, प्लॅस्टिक खातो.

ए साठी बंद पडलेल्या टीव्ही रिमोटची गोळी ब्लेडने पातळ कापली आणि सिलिकॉन सीलंटने चिकटवून एक दिवस वाळवली. फेविक्विक सिलिकॉन रबराला नीट धरत नाही. गोळी जाड राहिली तर बटण कायमचं दाबलेलं राहतं, माझं पहिल्यांदा तसंच झालं.

मारिओ आता उडी मारतो. मात्र कॉन्ट्रात दोघांचा खेळ सिलेक्टनेच निवडावा लागतो, आणि मामाला तोच खेळायचा होता. पट्ट्यावर सहा-बी पेन्सिल घासली की तेही चालतं, चार दिवस. पेन्सिल मामाच्या टीव्हीवर ठेवून आलोय.