सर्जरी विभागाच्या खुर्चीत बसण्याआधी

पोरी, तुझी ऑर्डर आली आणि नेमणूक नेमकी सर्जरी विभागात झाली, हे ऐकून मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. टायपिंगच्या परीक्षा तू दिल्यास, सेवा नियमांची पुस्तकं वाचलीस. पण मोठ्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचा लिपिक दिवसभर काय करतो, हे त्या पुस्तकांत नाही. दुसऱ्या खात्यात कागद चुकला तर माणसाला खेटे पडतात. आपल्याकडे चुकला तर तो त्याच्या अंगावर निघतो. तुझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर एक नाव असेल आणि त्या नावाचा माणूस वॉर्डात खाटेवर असेल. त्या दोघांची ताटातूट होऊ द्यायची नाही. मी सांगते ते सगळं यातच येतं.

आधी युनिटचं वेळापत्रक पाठ कर. कुठल्या युनिटची ओपीडी कुठल्या वारी, ऑपरेशनचा दिवस कोणता, इमर्जन्सी कोणाकडे, रजिस्ट्रार कोण, हाउसमन कोण. खिडकीवर आलेला माणूस डॉक्टरचं नाव सांगत नाही, ‘चष्मेवाले साहेब’ म्हणतो. वार आणि केसपेपर पाहून युनिट ओळखता आलं, तर त्याची अर्धी पायपीट वाचते. वॉर्डातल्या मामा-मावशींशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांशी, पहिल्या दिवसापासून नीट बोल. कुठला पेशंट कुठल्या खाटेवरून कुठे हलवला, हे रजिस्टरच्या आधी त्यांना ठाऊक असतं.

आता नावाचं. ‘तुम्ही सुनीता पवार ना?’ असं कधीही विचारू नकोस. दुखण्याने बेजार झालेला, घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘नाव सांगा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव सांगा, गाव सांगा’ असं विचार आणि तो सांगेल ते कागदाशी ताडून बघ. एकाच वॉर्डात दोन सुनीता पवार असणं आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. तशा असतील तर दोघींच्या केसपेपरवर लाल शाईने ‘नामसाधर्म्य’ लिही, इन्चार्ज सिस्टरना तोंडी सांग आणि यादीत नावापुढे नोंदणी क्रमांक घातल्याशिवाय ती पुढे पाठवू नकोस.

बायकांच्या नावांचा घोळ सगळ्यांत जास्त. आधार कार्डावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, आणि गावातून येताना पाहुण्यांनी तिसरंच लिहून दिलेलं. एरवी हे चालून जातं. पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेची पूर्वपरवानगी घ्यायची वेळ आली की इथेच गाडी अडते. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ पासून तिचं आत्ताचं नाव आहे आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. तेव्हा केसपेपर काढतानाच ओळखपत्र माग. त्यावरचं नाव जसंच्या तसं लिही आणि दुसरं नाव शेजारी ‘उर्फ’ म्हणून नोंदव. भरती झाल्यावर नाव बदलायला गेलीस तर रक्ताच्या पिशवीची चिठ्ठी एका नावाने आणि संमतीपत्र दुसऱ्या नावाने, अशी अवस्था होते. कार्डांमध्ये तफावत दिसली की त्याच दिवशी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे, पाठव. डिस्चार्जच्या सकाळी पाठवलंस तर त्या घराला उसनवारी करत फिरावं लागेल.

अपघाताचा, नातेवाईक नसलेला पेशंट आला तर ‘अनोळखी पुरुष, अंदाजे वय ४०’ एवढं नाव पुरतं. एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंदवायच्या मेडिको-लीगल केसचा, क्रमांक घाल आणि उपचाराला एक मिनिटही उशीर होऊ देऊ नकोस. पुढे ओळख पटली की खरं नाव आरएमओंच्या, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या, सहीने जोडायचं. मूळ नोंद खोडायची नाही, कारण पोलिसांचे कागद त्या नोंदीवरच उभे असतात. आणि कुठल्याही कागदावर व्हाइटनर लावायचा नाही. चूक झाली तर एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही आणि तारीख. कोर्टात केसपेपर गेला तर पांढरा डाग आधी दिसतो आणि त्यावर प्रश्न विचारले जातात ते डॉक्टरला.

ऑपरेशनची यादी हा तुझ्या आठवड्यातला सगळ्यांत जबाबदारीचा कागद. रजिस्ट्रारच्या सहीशिवाय ती टाइपसुद्धा करायला घेऊ नकोस. ‘फोनवर सांगतो, तुम्ही घ्या लिहून’ असं ऐकशील. तेव्हा नम्रपणे म्हण, ‘सर, कागद पाठवा, मी थांबते.’ बाजू पूर्ण शब्दात लिही. ‘आर’ आणि ‘एल’ अशी एकेक अक्षरं घाईतल्या हस्ताक्षरात एकमेकांसारखी दिसतात आणि हर्निया दोन्ही बाजूंना होतो. केसपेपर, संमतीपत्र आणि यादी तिन्ही समोर ठेवून नाव, क्रमांक, शस्त्रक्रिया, बाजू यांवर बोट ठेवत वाच. एकात उजवी आणि दुसऱ्यात डावी आढळली, तर बहुमताने ठरवू नकोस. अंदाज तर मुळीच नको. फोन उचल आणि रजिस्ट्रारला वॉर्डात जाऊन पेशंट बघायला सांग. त्यांनी त्रासिक उत्तर दिलं तरी हरकत नाही.

यादी बदलली की सगळ्यांत मोठा धोका जुन्या यादीचा. थिएटरमध्ये नवी, भूलतज्ज्ञांकडे जुनी, रक्तपेढीत तिसरीच, असं झालेलं मी पाहिलं आहे. नव्या यादीवर मोठ्या अक्षरांत ‘सुधारित’ आणि वेळ लिही, आणि मामांना नवी देताना जुनी परत आणायला सांग. जुन्या सगळ्या प्रती हातात आल्या की फाडून टाक, फक्त एक फाइलला लाव.

लहान मुलं आणि मधुमेहाचे पेशंट यादीत सहसा वर घेतात, कारण त्यांना उपाशी ठेवणं अवघड असतं. क्रम डॉक्टरांनी ठरवायचा, आपण नाही. पण ऑपरेशन रद्द झालं की वॉर्डात लगेच कळवणं आपल्या हातात आहे. ते कळवायचं राहिलं तर एखादं पोर दुपारी तीनपर्यंत पाण्याच्या घोटासाठी रडत बसतं आणि आई त्याला देत नाही, कारण कोणी सांगितलेलंच नसतं. ‘काय खाऊ, कधीपासून उपाशी राहू’ असं खिडकीवर विचारलं तर स्वतःच्या मनाने उत्तर देऊ नकोस, ते भूलतज्ज्ञांना विचारायला पाठव.

तुला वाटेल, एवढी तपासणी थिएटरात होतेच की. होते. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा यादी आणली. भूल देण्याआधी, काप घेण्याआधी आणि थिएटर सोडण्याआधी असे तिचे तीन थांबे आणि एकूण १९ मुद्दे. त्या कामाचं नेतृत्व केलं अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीतलंही एक होतं, ही यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. मला हे वाचून फार बळ आलं होतं. एक साधा कागद माणसं वाचवतो, याचा तो पुरावाच. पण त्या यादीचा पहिला मुद्दा कोणता, तर पेशंट तोच का, जागा तीच का, शस्त्रक्रिया तीच का आणि संमती आहे का. थिएटरातली माणसं हे ज्या कागदांशी ताडतात, ते तुझ्या टेबलावरून गेलेले असतात.

संमतीपत्राबद्दल आणखी. सही किंवा अंगठा पेशंटचा स्वतःचा हवा, तो १८ वर्षांखालचा असेल तर पालकांचा. शुद्धीवर असलेल्या, समजत्या बाईच्या जागी नवऱ्याची सही पुरत नाही. दिल्लीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे स्पष्ट केलं. तिथे बाईने फक्त तपासणीला संमती दिली होती, ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं, आणि ती संमती न्यायालयाने ग्राह्य मानली नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेचं नाव कोरं ठेवून सही घेतलेला फॉर्म तुझ्याकडे आला तर परत पाठव. फॉर्म पेशंटच्या भाषेत असावा. नंदुरबारकडची भिलोरी बोलणारी आजी किंवा सोलापूरकडची कानडी बाई असेल, तर वॉर्डात त्या भाषेचं कोणी मिळतंय का बघ आणि समजावून सांगणाऱ्याचीही सही घे. हे समजावणं डॉक्टरांचं काम आहे, पण माणूस शोधून देणं तुला सहज जमेल.

एचआयव्हीचा अहवाल यादीवर, फळ्यावर किंवा फाइलच्या कव्हरवर लिहायचा नाही, खूण म्हणूनसुद्धा नाही. २०१७ च्या कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. केसपेपरच्या प्रतीसाठी कोणी आलं तर अर्ज, ओळखपत्र आणि आरएमओंची सही, या क्रमाने जायचं. पेशंटने रीतसर मागितली तर ७२ तासांत द्यावी लागते. भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं जपायचे, एमएलसीचे मात्र प्रकरण निकाली निघेपर्यंत हलवायचे नाहीत. आणि काम लवकर करून दे म्हणून कोणी पन्नासची नोट सरकवली तर ती सर्वांसमोर परत कर. गरिबाला वाटतं, दिल्याशिवाय होत नाही. ते त्याच्या मनातून तू काढून टाक.

शेवटी बायोप्सी रजिस्टर. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बरणीत पॅथॉलॉजीला जाते. नावाची चिठ्ठी बरणीला हवी, झाकणाला नको, कारण झाकणं बदलतात. अहवाल यायला दिवस लागतात आणि तोवर पेशंट टाके काढून गावी गेलेला असतो. अहवाल येतो, फाइलला लागतो आणि फाइल कपाटात जाते. त्यात कॅन्सर लिहिलेला असेल तर ती बाई आपली गाठ निघाली म्हणून निर्धास्त शेतात कामाला लागलेली असते आणि तिच्या उपचाराचे महिने कपाटात संपत असतात.

म्हणून या रजिस्टरला तुझ्या हाताने दोन रकाने वाढव: ‘अहवाल आला’ आणि ‘पेशंटला कळवलं’. दर शनिवारी मागच्या पानांवर जा. पाठवलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे अहवाल आला का बघ, नसेल तर प्रयोगशाळेत माणूस पाठव. आलेल्या अहवालाचा अर्थ तू लावत बसू नकोस, तो त्याच दिवशी युनिटच्या डॉक्टरांना दाखव आणि त्यांची सही घे. भरतीच्या वेळी दोन मोबाइल नंबर घेत जा, एक घरचा आणि एक शेजाऱ्याचा किंवा भावाचा, कारण रिचार्ज संपला की घरचा फोन महिनोन्महिने बंद असतो. बोलावताना फोनवर आजाराचं नाव काढू नकोस, फोन कोणी उचललाय तुला माहीत नसतं. ‘साहेबांनी मंगळवारी ओपीडीत बोलावलंय, जुने कागद आणि घरचं एक माणूस घेऊन या’ एवढंच सांग. दोन्ही नंबर लागले नाहीत तर त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन कर आणि गावाच्या आशाताईंकडून निरोप पोचव. मंगळवारी ती ओपीडीत आली का, हे स्वतः जाऊन बघ. आली नसेल तर बुधवारी पुन्हा फोन कर.