बर्फाच्या प्रदेशातील परसबाग : वसंताच्या तयारीचा एक अभ्यास

इतिहासाच्या अभ्यासात आपण राज्ये, लढाया आणि तह यांची नोंद ठेवतो. परंतु एखाद्या प्रदेशातील माणसे हिवाळा संपल्यावर पहिली भाजी कशी पिकवीत, ही नोंद क्वचितच ठेवतो. वास्तविक समाजाची बुद्धी आणि त्यातील माणसांचे परस्परसंबंध अशा साध्या कामांतूनच अधिक स्पष्टपणे दिसतात. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की परसात दोडका-भोपळ्याचे बी टाकता येते. जेथे पाऊस जवळजवळ नाही आणि जमीन हिवाळाभर गोठलेली असते, तेथे परसबाग उभी करण्यासाठी काय करावे लागते, हे पाहण्यासाठी आम्ही लडाखचे उदाहरण घेत आहोत.

प्रदेश आणि ऋतुमान

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. हा भाग हिमालयाच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे तेथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सुमारे १०० मिलिमीटरच पाणी पडते. हिवाळ्यात तापमान शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरते. श्रीनगरहून येणारा रस्ता झोजी ला खिंडीत बर्फामुळे बंद पडत आला आहे. त्यामुळे जमिनीतील खड्ड्यांत साठविलेले बटाटे, गाजरे, मुळे, सलगम आणि वाळविलेल्या पालेभाज्या यांवर कुटुंबांना हिवाळा काढावा लागे. वसंत येईपर्यंत हा साठाही सरत येई.

पिकांचा मुख्य हंगाम मे ते सप्टेंबर एवढाच. म्हणून घरालगतच्या भाजीच्या बागेला, लडाखी भाषेत ‘त्सास’ला, मोठे महत्त्व आहे. येथे सुरुवातीचे पंधरा दिवस वाया गेले, तर पीक तयार होण्यापूर्वीच पुन्हा थंडी गाठते. साहजिकच वसंताची तयारी वसंतात सुरू करून चालत नाही. खत, पाणी आणि ऊब या तीन गोष्टी आधीपासून जमवाव्या लागतात.

पहिली तयारी : खत

लडाखची माती बहुतांशी वाळूमिश्रित असून तिच्यात सेंद्रिय अंश कमी असतो. लाकूड दुर्मीळ असल्यामुळे जनावरांचे पुष्कळसे शेण चुलीत जाते. ही उणीव सोनखताने भरून काढली जाते. पारंपरिक लडाखी घरातील शौचालय दुमजली व कोरडे असते. वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक आणि खाली बंद खोली. प्रत्येक वापरानंतर वरून माती व राख टाकतात. पाण्याचा थेंबही लागत नाही. पुढे खालच्या खोलीचे दार उघडून कुजलेले खत शेतात व बागेत पसरले जाते.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. खत पूर्ण कुजलेले असावे, त्याला मातीचाच वास यावा आणि ते हातात भुसभुशीत लागावे. अर्धवट कुजलेले खत कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या वाफ्यांत कदापि घालू नये. त्यातून जंत व पोटाचे विकार पसरतात.

आमच्या वाचकांना या ठिकाणी एक विचार सुचल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे मैला वाहण्याचे काम जन्मावरून काही जातींच्या डोक्यावर लादले गेले आणि त्या माणसांना माणूसपण नाकारले गेले. लडाखच्या गावांत मात्र आपल्या घरचे खत आपल्याच शेतात नेणे हे शेतीतील इतर कामांसारखेच एक काम राहिले. याचा अर्थ लडाखी समाज भेदमुक्त होता, असा नव्हे. वाद्ये वाजविणारे मोन व बेडा आणि लोहारकाम करणारे गरा यांना तेथेही हीन लेखले गेले आहे. तथापि एक गोष्ट यातून निर्विवाद सिद्ध होते. कोणतेही काम स्वभावतः अपवित्र नसते. ते करणाऱ्याला अपवित्र ठरविणारी व्यवस्था माणसेच रचतात, म्हणून माणसेच ती मोडूही शकतात.

दुसरी तयारी : पाणी

बागेला खरी अडचण पडते ती पाण्याची. पेरणीपूर्वी कोरडी जमीन एकदा भिजवावी लागते आणि वाफसा आल्यावरच ती खणता किंवा नांगरता येते. हे पाणी एप्रिल-मेमध्ये हवे असते. परंतु उंचावरील हिमनद्या भरपूर वितळू लागतात त्या जूनमध्ये. भर उन्हाळ्यात ओढे वाहतात, ऐन पेरणीला ते आटलेले असतात.

या अडचणीवर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उपाय शोधले. झंस्कार भागात साठवून ठेवलेली माती वसंतात बर्फावर पसरतात. पांढरे बर्फ ऊन परतवते, काळी माती ते शोषून घेते आणि जमीन लवकर मोकळी होते. ओढ्याचे पाणी ‘युरा’ या पाटांतून गावात आणतात व ‘झिंग’ या लहान तळ्यांत साठवितात. कोणाच्या वाफ्याला केव्हा आणि किती पाणी, हे ‘चुरपोन’ ठरवितो. आपल्या खानदेशातील फड पद्धतीत पाटकऱ्याचे जे काम, तेच याचे. टंचाईच्या दिवसांत चुरपोनाने पाळी न्यायाने लावली नाही, तर पाटाच्या शेवटी असलेल्या घराची बाग त्या वर्षी उगवतच नाही.

आधुनिक काळात या परंपरेला विज्ञानाची जोड मिळाली. ग्रामविकास विभागात स्थापत्य अभियंता असलेल्या चेवांग नोर्फेल यांनी वेगाने वाहणारे पाणी गोठत नाही, संथ व सावलीतील पाणी मात्र गोठते, या साध्या निरीक्षणावरून हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाजवळच्या उतारांवर बांध घालून गोठविले. या कृत्रिम हिमनद्या नैसर्गिक हिमनद्यांहून कमी उंचीवर असल्यामुळे आधी वितळतात आणि नेमक्या पेरणीच्या वेळी पाणी देतात. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात हिमस्तूपाचा नमुना उभा केला. उंचावरून नळाने आणलेले पाणी स्वतःच्याच दाबाने कारंज्यासारखे उडते आणि थंड हवेत गोठून त्याचा शंकू तयार होतो. शंकूच्या आकारामुळे बर्फाच्या मानाने उन्हात उघडा पडणारा पृष्ठभाग कमी राहतो. म्हणून हे बर्फ खाली सखल जागीही वसंतापर्यंत टिकते.

तिसरी तयारी : ऊब

लडाखमध्ये थंडी असली तरी आकाश बहुधा निरभ्र असते. या उन्हाचा उपयोग करणारी साधी हरितगृहे आता अनेक घरांलगत दिसतात. त्यांची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात. उत्तर, पूर्व व पश्चिम बाजूंना मातीच्या विटांच्या जाड भिंती असतात आणि दक्षिणेकडे पारदर्शक प्लास्टिकचे आच्छादन असते. भिंती दिवसा ऊन साठवितात व रात्री ऊब परत देतात. बाहेर जमीन गोठलेली असतानाच आत कोबी, फुलकोबी, टोमॅटो यांची रोपे वाढू लागतात.

बाहेरच्या लागवडीचा क्रम भाजीच्या स्वभावावर ठरतो. पालक, मुळा व वाटाणा थोडे हिव सोसतात. म्हणून माती मोकळी होताच त्यांचे बी टाकावे. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, घेवडा यांना एका रात्रीचे हिवही जाळून टाकते. ती रात्रीचे गोठण थांबल्यावरच बाहेर न्यावीत. त्यापूर्वी आठ-दहा दिवस रोपे दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवून त्यांना वाऱ्या-उन्हाची सवय करावी. पुनर्लागवड सायंकाळी करावी आणि वाफ्यावर पालापाचोळा अंथरावा, म्हणजे मोजके पाणी उडून जात नाही.

आजचा प्रश्न

आज ही सारी व्यवस्था ताणाखाली आहे. हिमनद्या मागे हटत आहेत. पर्यटनाबरोबर लेहमध्ये पाण्याची शौचालये वाढली. त्यामुळे जे खत बागेत जावयाचे, ते आता सांडपाणी होऊन भूजल दूषित करते आणि बागेचे पाणीही त्यात खर्ची पडते. मैदानातून ट्रकने भाजी येऊ लागल्यावर घरच्या वाफ्याची निकड कमी वाटू लागते. परंतु रस्ता बंद पडला की ज्या घरी ‘त्सास’ आहे, त्याच घरी हिरवी भाजी शिजते.

या अभ्यासातून विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात, असे आम्हास वाटते. पहिली अशी की प्रतिकूल निसर्गापुढे नवस-सायास उपयोगी पडत नाहीत. निरीक्षण, कारणांचा शोध आणि वेळेआधीची तयारी उपयोगी पडते. शिक्षणाचेही असेच आहे. परीक्षेच्या महिन्यात केलेली धावपळ हिवाळाभर न साठविलेल्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरी अशी की खत, बी आणि ऊब प्रत्येक घराने आपापली जमवली, तरी पाणी सर्वांचे असते. पाटाच्या शेवटच्या घरापर्यंत ते पोहोचते की नाही, यावरून त्या गावाची पारख करावी. आपल्या गावाची, आपल्या वस्तीची आणि आपल्या संस्थांची पारखही याच कसोटीवर व्हावी.