विजेची सायकल : वेग आणि विवेक



आडव्या दांडीखालून पाय घालून सायकल शिकलेली आणि त्यापायी गुडघे फोडून घेतलेली पिढी आज आजोबा-आजीच्या वयाची झाली आहे. त्या काळी सायकलीचा वेग पायांनी कमवावा लागे. वेग वाढला की दम लागे, आणि दम लागला की पाय आपोआप मंदावत. शरीरच मुलाला आवर घालीत असे. विजेच्या सायकलीत हा आवर राहत नाही. श्रम मोटार करते. वेग वाढतो, पण तो पायांना जाणवत नाही. म्हणून पूर्वी जे काम थकवा करीत असे, ते आता विवेकाने करावयाचे आहे. पुढील सर्व नियम या एका गोष्टीतूनच निघतात.

प्रथम विजेची सायकल कशाला म्हणावयाचे, ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे तिच्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असावी, मोटारीच्या साहाय्याचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत राहावा आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा अधिक नसावे. ब्रेक चांगले हवेत. पुढे पांढरे व मागे लाल परावर्तक हवे. शिवाय मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी हवी. या मर्यादेतील सायकलीस परवाना लागत नाही. मर्यादा ओलांडली, की पेडल असले तरी ते वाहन कायद्याने मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, विमा, हेल्मेट व परवाना ही सर्व बंधने येतात. आणि परवाना सामान्यतः १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो.

वाहनांच्या चाचणीचे एक मोठे केंद्र आपल्या धार जिल्ह्यातच, पीथमपूर येथे आहे. ‘नॅट्रॅक्स’ या नावाने ते ओळखले जाते. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगमार्गाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. तो मार्ग वेगासाठीच बांधलेला; त्यावर गाय आडवी येत नाही की भाजीची हातगाडी उभी नसते. आपल्या धारच्या नि देवासच्या गल्ल्या तशा नाहीत.

आता थोडे गणित करा. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे ७ मीटर. समोर मूल धावत आले, ते तुम्ही पाहिले आणि बोटे ब्रेककडे वळली, एवढ्यात एक सेकंद जातो व सायकल ७ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेकचे काम त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यावर थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते.

म्हणून हे नियम ध्यानात ठेवा :

१. कायद्याची सक्ती नसली तरी हेल्मेट घाला, आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधा.

२. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक, टायरमधील हवा, दिवा व घंटी तपासा.

३. ही सायकल आवाज करीत नाही. वृद्ध माणसाला ती मागून आलेली कळत नाही. दुरूनच घंटी वाजवा आणि वेग कमी करा.

४. थांबलेले असताना, किंवा उतरून सायकल ढकलताना, मोटार बंद करा. मूठ चुकून पिळली गेली तर सायकल झेप घेते. नवरात्रात देवासच्या टेकडीखाली गर्दी असते, तेथे तर चालतच जावे.

५. माळव्याच्या काळ्या मातीचा चिखल पावसात रस्त्यावर येतो. त्यावर एकदम ब्रेक मारू नका. दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू दाबा.

६. सोयाबीनच्या दिवसांत संध्याकाळी दिव्याविना ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या असू शकतात. अंधार पडण्यापूर्वीच घरी परता.

७. मित्राला मागे बसवू नका, शर्यत लावू नका, कानात गाणी ऐकत चालवू नका. देवासच्या आग्रा-मुंबई रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यावर एकट्याने जाऊ नका.

८. बॅटरी तिच्याच चार्जरने, मोठी माणसे जागी असताना चार्ज करा. दाराच्या वाटेत किंवा जिन्याखाली ती ठेवू नका. फुगलेली बॅटरी मुळीच वापरू नये. धूर दिसताच बाहेर पडा आणि ११२ क्रमांकावर कळवा.

शेवटी दोन शब्द पालकांसाठी. वेगाची मर्यादा काढून देणारे कारागीर कोठेही सापडतात आणि मुलांचा हट्टही मोठा असतो. परंतु ती मर्यादा काढली की सायकल राहत नाही, मोटार वाहन होते. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास, २०१९ च्या कायदेदुरुस्तीप्रमाणे पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. आपल्याला ते ठाऊक नव्हते किंवा आपण ते रोखण्याचा योग्य प्रयत्न केला होता, हे त्याला सिद्ध करावे लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड अशी आहे. मात्र दंड भरून मोडलेला हात पूर्ववत होत नाही, आणि रस्त्यात पडलेली कोणाची आजी उठून उभी राहत नाही.

विजेची सायकल वाईट नाही. ती धूर सोडत नाही, शिकवणीला वेळेवर पोहोचवते, चढावर दम वाचवते. हा वाचलेला दम सावधपणासाठी खर्च करा, एवढेच सांगणे आहे.