वामनवृक्षांच्या कोवळ्या रोपांची मुळे व त्यांचे पोषण

वड, उंबर, पिंपळ यांसारखे वृक्ष उथळ कुंडीत वाढवून त्यांना जुन्या वृक्षाचे रूप देण्याच्या कलेस जपानी भाषेत बोन्साय म्हणतात. मराठीत त्यास वामनवृक्ष हे नाव रूढ झाले आहे. मूळची चीनमधील ही कला जपानात वाढली आणि आता आपल्याकडील शहरांतूनही तिचे शौकीन पुष्कळ झाले आहेत. त्यांना तयार वृक्षापेक्षा चांगल्या बुंध्याचे, भरपूर मुळांचे कोवळे रोप अनेकदा अधिक हवे असते, कारण पुढचा आकार त्यांना स्वतः द्यावयाचा असतो. अशी रोपे तयार करणे हा छोट्या रोपवाटिकाधारकास झेपण्यासारखा जोडधंदा आहे. मात्र हे पीक एका हंगामाचे नव्हे. रोप विक्रीयोग्य होण्यास ३ ते ४ वर्षे लागतात. म्हणून मुळांच्या बाबतीत झालेली चूक एका हंगामात भरून निघत नाही.

अशी एक चूक प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिली आहे. एका शेतकऱ्याने दोन वर्षे जोपासलेली उंबराची सुमारे ४० रोपे जूनमध्ये उपटली, त्यांची मुळे छाटली व ती उथळ कुंड्यांत लावली. मुळे लवकर धरावीत म्हणून प्रत्येक कुंडीत चहाचा चमचाभर डायअमोनियम फॉस्फेट टाकले. दहा-बारा दिवसांत पाने गळाली. पाणी कमी पडले असे समजून पाणी वाढविले, तेव्हा उरलीसुरली मुळेही कुजली. महिन्याअखेर ४ रोपे हाती राहिली. त्या शेतकऱ्याचे कष्ट कमी नव्हते. स्फुरद म्हणजे मुळांचे खत, हे त्याने अनेकांकडून ऐकले होते आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

हा समज इतका सार्वत्रिक आहे की त्याचा प्रथम विचार केला पाहिजे. मूळ वाढते ते कशावर? याचे उत्तर डाळिंबाची गुटी बांधणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. गुटी बांधताना फांदीवरील सालीचे एक वलय काढून तेथे ओले शेवाळ बांधतात. त्या शेवाळात कोणतेही खत नसते. तरीही मुळ्या फुटतात. आणि त्या फुटतात वलयाच्या वरच्या कडेस, खालच्या कडेस नव्हे. पानांनी सूर्यप्रकाशात तयार केलेली साखर सालीतून खाली येत असते. साल तोडल्यामुळे ती वरच्या कडेशी अडते. शेंड्याकडून येणारे, मुळ्या फुटण्यास चालना देणारे संजीवकही तेथेच साठते. अर्थात मूळ घडते ते पानांनी केलेल्या अन्नातून. जमिनीतील नत्र, स्फुरद, पालाश ही त्या अन्नाच्या उपयोगास लागणारी द्रव्ये होत. ती थोडी लागतात व पाने कामास लागल्यानंतर लागतात.

स्फुरदाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जमिनीत स्फुरद कमी असेल तर वनस्पती त्याच्या शोधार्थ मुळे अधिक पसरविते. भरपूर असेल तर तिला तसे करण्याचे कारण उरत नाही. प्रमाणाबाहेर स्फुरदामुळे लोह व जस्त रोपास मिळेनासे होते, आणि मुळांशी सहजीवन करणारी उपकारक बुरशीही नीट वाढत नाही. नत्र अधिक झाल्यास शेंडा व पाने माजतात आणि त्या मानाने मुळे मागे पडतात. हाडांचा चुरा मुळांसाठी म्हणून कुंडीत घालण्याची चाल आहे. परंतु तो आम्लधर्मी मातीत विरघळतो. आपल्या पठारावरील चुनखडीयुक्त माती व विहिरीचे जड पाणी यांत तो बहुधा तसाच पडून राहतो.

नुकत्याच छाटलेल्या मुळांना तीव्र खत का सोसत नाही, हे कैरीच्या फोडींना मीठ लावणाऱ्या गृहिणीस विचारावे. मिठाने फोडीतील पाणी बाहेर ओढले जाते. रासायनिक खत हेही क्षारच होय. कुंडीतील मूठभर मातीत त्याचा चमचा पडला की मुळांतील पाणी तसेच बाहेर खेचले जाते. मग कुंडी ओली असूनही रोप तहानेने मरते.

खताआधी मुळांना हवा मिळाली पाहिजे. आपल्या शेतकऱ्याला वाफसा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जमीन ओली आहे पण चिकट नाही, तीत हवा खेळते आहे, ही स्थिती पेरणीपूर्वी तो पायाने पारखतो. कुंडीतील रोपास हाच वाफसा बारा महिने हवा असतो. शेतातील काळी माती शेतात कितीही उत्तम असली तरी कुंडीत ती ओली असता कणकेसारखी व वाळली असता दगडासारखी होते. म्हणून ती टाळावी. मुरूम व जुन्या पक्क्या विटांचे तुकडे फोडून ते सुमारे ३ ते ६ मिलिमीटर आकाराचे चाळून घ्यावेत. चाळणीखाली पडलेली भुकटी निर्दयपणे टाकून द्यावी. तीच सर्व छिद्रे बुजविते. असे दोन भाग खडे व एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले पानांचे खत वा शेणखत एवढे मिश्रण वड-उंबरास पुरते. पावसाळी प्रदेशात खताचा भाग आणखी कमी करावा. या मिश्रणात शेतापेक्षा वारंवार पाणी द्यावे लागते, हे आरंभीच मान्य करावे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो असे समजतात. वस्तुतः निथळल्यानंतरही मातीच्या तळाशी काही उंचीपर्यंत पाणी धरलेले राहते, आणि ही उंची मातीच्या कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या खोलीवर नाही. पाणी शोषून घेतलेला स्पंज आडवा धरून निथळू द्यावा व पाणी थांबले की उभा करावा. लगेच आणखी पाणी गळू लागते. उथळ कुंडी म्हणजे आडवा स्पंज होय. तीत ओला थर मातीचा मोठा हिस्सा व्यापतो. खाली खडी भरली तर तो थर केवळ वर सरकतो आणि मुळांच्या वाट्याची माती घटते. तेव्हा छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवणे पुरे, थर नको.

यावरूनच हेही निघते की कोवळे रोप उथळ तबकात लावण्याची घाई करू नये. तबक ही शेवटची पायरी आहे. ज्या काळात बुंधा जाड व्हावयाचा आणि मुळे पसरावयाची त्या काळात रोपास जागा हवी, पाने हवीत. यासाठी दोन रीती सांगण्यासारख्या आहेत.

पहिली रीत कौलाची. रोपाचे सोटमूळ बुंध्याच्या खाली आखूड कापावे, बाजूची मुळे ठेवावीत. गादीवाफ्यात सुमारे १५ सेंटिमीटर खोलीवर एक सपाट फरशीचा तुकडा किंवा मंगळुरी कौल ठेवून त्यावर मातीचा पातळ थर द्यावा, रोप त्यावर बसवून मुळे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूकडे पसरावीत व माती लोटावी. मुळांना खाली जाता येत नसल्याने ती आडवी धावतात. बुंध्याभोवती मुळांचा जो घेर जाणकार गिऱ्हाईक सर्वांत आधी पाहते, तो असा तयार होतो. पुढील वर्षी रोप वाफ्यातून काढून लांब गेलेली मुळे आखूड करावीत, एकमेकांवर चढलेली कापावीत व रोप पुन्हा लावावे.

दुसरी रीत दुरडीची. बांबूची दुरडी, किंवा हल्ली मिळते तशी प्लॅस्टिकची छिद्रांची टोपली, वरील मिश्रणाने भरून तीत रोप लावतात. मूळ वाढत जाऊन छिद्रापाशी येते, तेथे त्याचे टोक हवेने सुकते आणि मागे अनेक उपमुळे फुटतात. पॉलिथीनच्या पिशवीत मात्र तेच मूळ भिंतीला लागून गोल गोल फिरत राहते. असे पीळ पडलेले मूळ नंतर कुंडीत लावले तरी सुधारत नाही, उलट जाड होऊन बुंध्यास आवळते. पिशवीतील रोप घेतलेच तर लावताना मुळ्यांच्या गोळ्यास उभे तीन-चार छेद द्यावेत आणि तळची गुंडाळी काढून टाकावी. दुरडीची अडचण एवढीच की उन्हाळ्यात ती फार लवकर वाळते. भोवती ओले गोणपाट गुंडाळणे भाग पडते. काळ्या पिशव्या व काळ्या कुंड्या उन्हात याहूनही वाईट. त्यांतील माती ४० अंश सेल्सियसच्या वर तापली की उन्हाकडील बाजूची मुळे मरतात, आणि शेंडा पाहून हे कळत नाही.

रोपे आणावयाची कोठून? विहिरीच्या बांधकामात, जुन्या भिंतींत पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळ उगवतातच, आणि बांधकामास इजा होते म्हणून ते उपटावेच लागतात. हीच रोपे पावसाळ्यात, भिंत भिजलेली असता, सावकाश काढावीत. वनजमिनीतून मात्र परवानगीवाचून रोप काढू नये. वडाचे व उंबराचे फाटे जाड वाळूत सहज मुळे धरतात. पिंपळाचे तितक्या सहजतेने धरत नाहीत, म्हणून त्याचे रोपच घ्यावे. मूळ तुटून आलेले वडाचे रोपही टाकू नये. त्याचा चीक पाण्याने धुऊन, जाड वाळूत लावून, सावलीत दमट हवेत ठेवल्यास ते पुष्कळदा उभारी धरते. या काळात सर्व पाने कापून टाकण्याची चूक करू नये, कारण मुळे घडविणारे अन्न तीच करतात. फार मोठी पाने तेवढी अर्धी करावीत.

मुळांची छाटणी वड, उंबर, पिंपळ यांच्या बाबतीत जूनच्या आरंभी, पावसाची दमट हवा सुरू झाली की करावी. एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक मुळे काढू नयेत. लावणीनंतर रोप हलू नये म्हणून सुतळीने कुंडीस बांधावे, कारण रोप हलले की नुकत्याच फुटणाऱ्या कोवळ्या मुळ्या तुटतात. दोन ते तीन आठवडे सावलीत ठेवावे. खत मुळीच देऊ नये. नवी पाने येऊन पुरती उलगडली, म्हणजे साधारणतः ५ ते ६ आठवडे लोटले, की खाली मुळे कामास लागली असे समजावे. खताचा काळ येथून सुरू होतो.

खत सौम्य द्यावे व वरचेवर द्यावे. भुईमुगाची पेंड १०० ग्रॅम १ लिटर पाण्यात भिजवून रोज ढवळीत ७-८ दिवस सावलीत आंबवावी, गाळून त्या पाण्यात दहापट पाणी मिसळावे आणि ओल्या मातीवर दर १५ दिवसांनी घालावे. कोरड्या कुंडीत कोणतेही खत घालू नये. वास ज्यांना सोसत नाही त्यांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात वापरले तरी चालते. दोन्ही एकदम देऊ नये. पेंडीचे तुकडे मातीवर ठेवण्याची जपानी पद्धत त्यांच्याकडे उत्तम असेल, आपल्या पावसाळ्यात तीत अळ्या पडतात. नोव्हेंबरपासून थंडी वाढेल तसे खताचे अंतर वाढवावे आणि थंडी कडक असेल तर ते थांबवावे, कारण न वापरलेले खत क्षार होऊन कुंडीत साठते. कुंडीच्या कडेस पांढरा थर दिसू लागला, पानांच्या कडा करपल्या, तर खत थांबवून कुंडीच्या तिप्पट-चौपट पाणी तीतून वाहू द्यावे.

विहिरीच्या जड पाण्यावर वाढलेल्या रोपांत कोवळी पाने पिवळी व शिरा तेवढ्या हिरव्या, असा केवडा वारंवार दिसतो. तेथे नत्र वाढवून काही साधत नाही. कमतरता लोहाची असते. लिटरला २ ते ३ ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारावे. कायमचा उपाय म्हणजे पागोळ्यांचे पाणी पिंपात साठवून कुंड्यांना देणे. थोड्या रोपांस ते शक्य आहे.

वृक्षाच्या जातीप्रमाणे हातही बदलावा लागतो. विलायती चिंचेच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठी येतात, म्हणून तिला नत्र कमी लागते. साधी चिंच त्याच द्विदल कुळातील असली तरी तिच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत, तेव्हा तिला ही सवलत देऊ नये.

पहिली दोन वर्षे शेंडा वारंवार खुडण्याचा मोह आवरावा. बुंध्याच्या खालच्या भागात एखादी फांदी मोकळी वाढू द्यावी. ती बेढब दिसते, पण तिच्या पानांचे अन्न बुंध्यास व मुळांस मिळते. काम झाले की ती कापून टाकता येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपवाटिकेस भेट देताना पाने पाहून समाधान मानू नये. रोपांच्या प्रत्येक खेपेतील एक रोप परीक्षेसाठी राखून ठेवण्यास शेतकऱ्यास सांगावे आणि लावणीनंतर सहा आठवड्यांनी ते मालकासमक्ष कुंडीतून उपडे करून पाहावे. मुळांची टोके पांढरी व टणक असतील तर खतास हरकत नाही. ती तपकिरी होऊन बोटाने सोलली जात असतील आणि मातीस आंबूस वास येत असेल, तर त्या सर्व खेपेचे पाणी त्याच दिवशी कमी करावे व माती बदलावी.